सुटण्यापुरते इंग्रजी

रविवार, १५ जानेवारी १९५६

आज मी चिंतामणराव गुप्त्यांशी खोटे बोलले. त्यांनी पुन्हा विचारले तर तेच खोटे तसेच्या तसे सांगता यावे, म्हणून ही वही काढली. एरवी दैनंदिनी लिहिण्याचा मला तिटकारा आहे. शाळेत मुली लिहीत, मग ती कुणीतरी वाचे आणि रडारड होई.

घडले ते असे. चिंतामणराव आमच्याच वाडीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. विमा कंपनीत हेडक्लार्क आहेत. एकुलता मुलगा दीड वर्षामागे विषमज्वराने गेला. त्याची बायको ललिता, वय चोवीस, मॅट्रिक पास. वर सवाष्णींचे काही असले की तिची सासू राधाबाई तिला खाली माझ्याकडे पाठवते. हळदीकुंकवात विधवेने समोर असू नये, आणि या वाडीत दुसरी विधवा मीच. एकीला दुसरीजवळ नेऊन बसवले की प्रश्न मिटला. काल संक्रांत झाली. आता रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू. काल संध्याकाळी राधाबाई गॅलरीतून सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ललिते, जा गं खाली, बस त्या बाईंपाशी. इथं तुझं काय काम?" बी.ए. होऊन मला एकोणतीस वर्षे झाली. तरी अशा बाईला उत्तर म्हणून मी फक्त खिडकी लावून घेतली.

दिवाळीपासून मुलगी येते. नुसती बसून राहू नकोस, म्हटले. टेलिफोन खात्यात ऑपरेटर मुली घेणार आहेत. तिचा अर्ज मीच भरवून घेतला, पत्ता माझा दिला. येत्या शुक्रवारी तोंडी परीक्षा, सगळी इंग्रजी संभाषणाची. वर कुणाला ठाऊक नाही.

आज जिन्यात चिंतामणरावांनी गाठले. "कर्णिकबाई, आमच्या सूनबाईंना एवढं रोज काय शिकवता?"

"विणकाम," मी म्हणाले. "लोकरीचं."

"वा. मग एक मफलर होऊ द्या आम्हाला. सभांना जायचं म्हणजे कानाला वारा लागतो."

"होईल."

मला विणता येत नाही. ललितालाही येत नाही. तर: विणकाम, लोकरीचे, मफलर.

सोमवार, १६ जानेवारी

आज कमलाबाईंकडे हळदीकुंकू, म्हणून ललिता खाली. तिची शाळेतली मैत्रीण मीनाक्षीही आली होती. ती करी रोडला राहते, वर्षभर टेलिफोनवर काम करते, आणि फार बोलते. मी म्हटले, मी शिकवते ते ऐक आणि चुकत असेल तर सांग. चुकत असेल असे मला वाटत नव्हते.

ललिताने कानाला हात लावून सुरुवात केली, "आय शॅल एंडेव्हर टु कनेक्ट यू, सर."

मीनाक्षी हसत खुर्चीवरून घसरली. "बाई, रागावू नका. पण हिचं एंडेव्हर संपेपर्यंत पलीकडचा साहेब पेन्शनीत जाईल. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. 'आय'ल पुट यू थ्रू.' लाईन जोडून देते. खलास."

मग तिने भराभरा सांगितले. लाईन लागली तर 'गेट थ्रू'. तुटली तर 'कट ऑफ'. थांबा म्हणायचे तर 'होल्ड ऑन'. कसेबसे भागवले तर 'गेट बाय'. संकटातून पार पडलो तर 'पुल थ्रू'. कामातून निघता आले तर 'गेट अवे'. नको ते काम टाळता आले तर 'गेट आउट ऑफ'. हे असले चिल्लर शब्द मी सव्वीस वर्षे मुलींच्या निबंधांतून लाल शाईने काढत आले. आमच्या प्राध्यापकांनी आम्हाला शिकवले होते की सुटण्याला 'एस्केप' म्हणावे आणि जमण्याला 'सक्सीड'. आता पाहते तर एका 'गेट'वर सगळ्या इंग्रजांचा संसार चाललेला.

ललिताने मात्र ते शब्द आधाशासारखे घेतले. मध्येच विचारते, "बाई, 'गेट अवे' आणि 'गेट अवे विथ' यात फरक काय?"

मी सांगितले, पहिल्यात माणूस सुटून जातो. दुसऱ्यात काहीतरी करतो आणि त्याची शिक्षा होत नाही.

"दोन्ही एकदम होतं का?"

"क्वचित," मी म्हणाले. अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न विचारायची तिला खोड आहे.

रात्री वर रेडिओवर पंतप्रधानांचे भाषण लागले. मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे जाणार. भाषण संपले. मग गिरगाव रस्त्याकडून ओरडा सुरू झाला.

बुधवार, १८ जानेवारी

दुकाने बंद, ट्रॅम बंद, दूध नाही. काल आणि आज गोळीबाराचे आवाज आले. पहिल्यांदा मला वाटले कुणी फळ्या आपटते आहे. शेजारच्या वाडीतला कंपॉझिटर कुशाबा पायात गोळी लागून आला. त्याला उचलून नेताना त्याची चप्पल आमच्या दारात राहिली. मी ती आत घेऊन ठेवली आहे.

संचारबंदीमुळे हळदीकुंकवे बंद, म्हणून ललिता वरच. छतावर तिची पावले ऐकू येतात. परीक्षेचे काय होणार कळायला मार्ग नाही. वर चिंतामणराव चार शेजाऱ्यांना सांगत होते, "आता महाराष्ट्राला कुणी कोंडून ठेवू शकत नाही." मनापासून बोलत होते. त्यांचे म्हणणे मलाही पटते, पण त्यांच्या तोंडून ऐकायला नको वाटले.

शनिवार, २१ जानेवारी

मीनाक्षी कशीबशी येऊन गेली. लालबागला फार वाईट झाले म्हणते. एवढी बोलणारी मुलगी, पाणी पिऊन उठली. निघताना म्हणाली, परीक्षा पुढे गेली आहे, पहिली फेब्रुवारी, दुपारी. कार्ड येईल. मला बरे वाटले, आणि अशा दिवसांत बरे वाटले म्हणून ओशाळले.

सोमवार, २३ जानेवारी

शहर थोडे निवळले. हळदीकुंकवे पुन्हा सुरू, पण दिवसाउजेडी. ललिता आली ती हातात तपकिरी लोकरीचा वीतभर मफलर घेऊन.

"हे काय?"

"मामंजी विचारत होते. होतोय घरी," ती म्हणाली आणि पुस्तक उघडले.

टाके घट्ट आणि सारखे, सवयीच्या हाताचे. मुलगी लवकर शिकते हे खरे, पण रात्री जागून विणत बसली तर अभ्यास कधी करणार? तसे बजावले.

धडा बरा झाला. मी चिडके गिऱ्हाईक झाले, ती ऑपरेटर. मला 'आय कान्ट गेट थ्रू' म्हणायला सुरुवातीला जड गेले, नंतर मजा आली.

शुक्रवार, २७ जानेवारी

वाईट बातमी. ललिताला रेवदंड्याला पाठवायचे ठरले आहे. तिथे चिंतामणरावांची आंधळी आई आहे. मागे नुसते बोलणे होते. गोळीबारानंतर त्यांनी तारीखच घेतली. रविवारी, पाच तारखेला, त्यांचे चुलतभाऊ शामराव येऊन भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीने तिला घेऊन जाणार. परत कधी, हे कुणी बोलत नाही. म्हातारी ऐंशीची आहे, आणि तिच्यानंतर घर आहे, वाडी आहे, नारळ आहेत.

मी सरळ वर गेले. चिंतामणरावांना म्हटले, तिला विचारलंत का?

"बाई, शहर पेटलंय. एक पोरगा गेला माझा. आता हिला काही झालं तर तिच्या बापाला काय तोंड दाखवू? गावी सुरक्षित राहील."

"सुरक्षित म्हणजे किती वर्षं?"

यावर राधाबाई आतून म्हणाल्या, "बाईंना चहा नको असेल. त्यांना खाली कामं असतील." मला घालवून दिले. या बाईला सुनेची कटकट घरातून एकदाची जायला हवी आहे, हे उघड आहे.

खाली ललिता मला म्हणाली, "बाई, परीक्षा बुधवारी आहे. रविवारच्या आत."

"पास झालीस तर?"

"तर आय'ल गेट आउट ऑफ इट." टाळता येईल, म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हते. मला मात्र भीती वाटली. मी हिला उडी मारायला शिकवते आहे. खाली काय आहे ते मला तरी माहीत आहे का? मी विधवा झाले तेव्हा शाळेची नोकरी हातात होती. मला कुठूनही पळावे लागले नाही.

बुधवार, १ फेब्रुवारी

सकाळपासून एकच प्रश्न, तिला बाहेर काढायचे कसे. आणि नेमके आजच राधाबाईंनी स्वतःच्या घरी हळदीकुंकू ठेवले, तेही भर दुपारी. म्हणे संध्याकाळी पुन्हा काही गडबड झाली तर बायका घरी कशा जाणार. बारालाच गॅलरीतून हाक, "ललिते, खाली जा आणि मी बोलावल्याशिवाय वर येऊ नकोस." असा योगायोग. ज्या रीतीने तिला दूर बसवायचे, त्याच रीतीने ती मोकळी झाली. जिच्याकडे कुणी पाहायचे नाही, ती नाही हे कुणाला कळणार? मी तिला माझी करवतकाठी साडी नेसवली आणि मागच्या गल्लीने मीनाक्षीबरोबर धाडले.

वर बायकांचे हसणे, खाली मी. चहा केला आणि तसाच राहिला.

परत आली ती घामाने डबडबलेली. सांगितले ते असे. कानावर यंत्र चढवले, शेजारच्या खोलीतून सुपरवायझरबाई गिऱ्हाईक होऊन बोलत होत्या. आधी रागावल्या, मग पुटपुटल्या, मग मध्येच लाईन तोडली. ललिता म्हणाली, "वुई वर कट ऑफ, सर. होल्ड ऑन, आय'ल पुट यू थ्रू अगेन." शेवटी समोर बसवून विचारले, असले दंगे पुन्हा झाले तर रात्रपाळी जमेल का?

"मग तू काय म्हणालीस?"

"आय'ल मॅनेज. आय हॅव गॉट थ्रू वर्स."

म्हणजे, यापेक्षा वाईटातून मी पार पडले आहे. मी शिकवलेल्या वाक्यांत हे नव्हते. पूर्वीची मी असते तर 'गॉट'खाली रेघ मारली असती.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

घेतले. पत्र माझ्या पत्त्यावर आले. सोमवारी रुजू व्हायचे. येताना मॅट्रिकचे मूळ सर्टिफिकेट आणायचे.

आणि तिथेच घोडे पेंड खाते. सर्टिफिकेट चिंतामणरावांच्या लोखंडी कपाटात आहे. मुलगा गेल्यापासून त्याचे आणि तिचे सगळे कागद त्यात. किल्ली जानव्याला. ललिता म्हणते, जेवण झाल्यावर ते रोज कपाट उघडतात, मुलाचे कागद काढून पाहतात आणि परत ठेवतात. एक कागद कमी झाला तरी त्यांना कळेल.

मी म्हटले, मागून घेऊ. ती म्हणाली, मागितलं तर आजच मला बोटीत बसवतील. खरे आहे.

तेव्हा सर्टिफिकेटशिवाय निघायचे ठरले. उद्या संध्याकाळी. मीनाक्षीची आई ठेवून घ्यायला तयार आहे. सोमवारी खात्यात काय सांगायचे ते देव जाणे.

शनिवार, ४ फेब्रुवारी

गेली.

शनिवार, चिंतामणरावांना अर्धी सुट्टी, शामराव सकाळीच रेवदंड्याहून येऊन बसलेले. दोन पुरुष दारात असताना ती कशी निघणार म्हणून मी सकाळपासून येरझारा घालत होते. तर राधाबाईंकडे पुन्हा हळदीकुंकू. एका घरी एका संक्रांतीत दोनदा, मी कधी ऐकले नाही. कमलाबाईंनी जिन्यात विचारलेच, "काय हो राधाबाई, बुधवारी तर झालं की."

"बुधवारी निम्म्या आल्याच नाहीत. मला हौस आहे," राधाबाई म्हणाल्या. मग चिंतामणरावांकडे वळून, "हे बघा, बायकांच्यात पुरुष नकोत. भावोजींना चौपाटीवर फिरवून आणा. लवकर येऊ नका."

सून उद्या जन्माची देशोधडीला लागणार आणि हिला हौस. मी कान बंद करून घेतले.

ललिता नेहमीसारखी खाली आली. हातात काही नाही, अंगावरची साडी तेवढी. मी विचारले, राधाबाई काय म्हणाल्या? म्हणाली, "पाठीवरून हात फिरवला. पदर नीट घे, म्हणाल्या." मग माझ्या पाया पडली आणि मागच्या दाराने मीनाक्षीबरोबर गेली. सगळे इतके चटकन झाले की मला काही सांगायचे होते ते राहून गेले. काय सांगायचे होते तेही आठवत नाही.

दिवे लागल्यावर चिंतामणराव आले. दारातच उभे. गळ्यात तो तपकिरी मफलर.

"ललिता कुठं आहे?"

"गेली."

"कुठं?"

"ते मी सांगणार नाही. तिला नोकरी लागली आहे. चोवीस वर्षांची आहे ती."

"विणकाम," ते म्हणाले. "विणकाम शिकवत होतात तुम्ही."

"इंग्रजी शिकवत होते."

मला वाटले ओरडतील. शामराव मागून "पोलिसांत चला, दादा" म्हणत होते, त्यांना त्यांनी हाताने थांबवले. "पोलिसांत काय सांगू? सून बोटीत बसायला नको म्हणते, असं? गोळीबारापासून त्याच पोलिसांना शिव्या देतोय मी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिचं सर्टिफिकेट माझ्या कपाटात आहे. त्याच्यावाचून कोण नोकरी देतं बघू. येईल परत." जाता जाता जिन्याच्या कठड्याला धरून थांबले. "घरात त्याचं म्हणून तीच तेवढी उरली होती, बाई."

मी दार लावून घेतले. मुलगी सुटली. पण जे केले ते मला पचेल का?

सोमवार, ६ फेब्रुवारी

काल बोट गेली असेल. शामराव एकटेच वळकटी घेऊन उतरताना पाहिले. वर दिवसभर भांड्याचाही आवाज नाही.

आज मीनाक्षी निरोप घेऊन आली. ललिता रुजू व्हायला गेली होती. सुपरवायझरबाई भल्या आहेत, म्हणाल्या, बुधवारी सकाळी मूळ सर्टिफिकेट दाखव. नाही दाखवलेस तर यादीतली पुढची मुलगी घ्यावी लागेल.

म्हणजे उद्याचा एक दिवस. वर जाऊन हात जोडावेत का? जन्मात कुणापुढे जोडले नाहीत. दोनदा जिन्यापर्यंत गेले. कपाट रोज उघडतात का हे तिथून कळत नाही. मीनाक्षी म्हणाली, "बाई, पोलीस स्टेशनात जाऊ, मिळवून देतील." शहराची ही स्थिती, पोलिसांना आणखी कुणाच्या दारात मी आणणार नाही. उद्या जाऊन मागेन.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

मला जावे लागले नाही. चिंतामणराव ऑफिसला गेले आणि लगोलग राधाबाई खाली आल्या. इतक्या वर्षांत माझा उंबरठा ओलांडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. पदराखाली गाठोडे.

"बसत नाही मी," म्हणाल्या आणि बसल्या. गाठोडे सोडले. वर सर्टिफिकेट, पुठ्ठ्यात घालून दोऱ्याने बांधलेले.

"किल्ली तर त्यांच्या जानव्याला."

"एक त्यांच्या जानव्याला. कपाट माझ्या माहेरचं आहे, बाई. येताना किल्ल्या दोन आल्या होत्या."

"मग आधी का नाही दिलंत?"

"आधी रोज उघडून बघत होते. शनिवारपासून उघडलं नाही. कपाटाकडे पाठ करून झोपतात."

"त्यांना काय सांगाल?"

"विचारतील तेव्हा जे असेल ते सांगेन. नाही विचारणार." मग म्हणाल्या, "ते गेट थ्रू का काय, ते म्हणायला जमतंय ना तिला आता? जीभ अडखळायची तिची तिथं. थ्रू म्हणताना."

जमतं, मी म्हटले. मुलगी झोपेत पुटपुटत असणार, आणि हिने ऐकले असणार. पण शेवटच्या दिवशी का होईना, या बाईला पाझर फुटला. मी तसे म्हणालेही, "तुमचं मन वळलं हे बरं झालं, राधाबाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "हो," म्हणाल्या. "वळलं."

मग एकेक वस्तू माझ्या हातात देत गेल्या आणि मला लिहून घ्यायला सांगितले, कारण मुलीला काही कमी पोचले असे नंतर वाटायला नको. मी लिहून घेतले. ते असे: मॅट्रिकचे सर्टिफिकेट. धुवट साड्या दोन, पोलकी तीन. मुलाचा पदवीच्या झग्यातला फोटो. राधाबाईंनी तो स्वतःच चौकटीतून काढला होता. मेतकुटाची बरणी. तिळगुळाची पुडी. पितळी वाट्या दोन. शनिवारी आलेल्या प्रत्येक सवाष्णीला वाण म्हणून दिल्या त्यांतल्याच.

वाट्या तेवढ्या मी परत करू लागले. म्हटले, हे वाण आहे, मोजून आणलं असेल, हे आम्हाला चालत नाही.

"मोजूनच आणलं होतं," राधाबाई म्हणाल्या. "एक तिची."

दुपारी बाकी सगळ्यासोबत एक वाटी मीनाक्षीबरोबर करी रोडला गेली. दुसरी मी ठेवून घेतली.